हजार तासांचा हिवाळा

सानपाड्याच्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्याच्या मागच्या अंगणात, नजीब तुंगेकर यांनी तीन वर्षं एका झुडपाची मनधरणी केली. कुंडी बारा इंची, झुडूप जेमतेम मांडीपर्यंत, नाव ब्लूबेरी. हे झुडूप मूळचं अशा मुलखातलं, जिथे हिवाळ्यात माणसाच्या मिशांवर बर्फ धरतो. त्याला खाडीकाठच्या घामट हवेत फळ धरायला लावायचं, हा नजीबभाईंचा हट्ट. त्यांना वेडं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, सगळी सोसायटी म्हणतच होती. पण आधी त्यांनी जन्मभर काय काम केलं ते ऐकून घ्या.

नजीबभाई चौतीस वर्षं तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर होते. वाशीच्या बाजारात उतरलेला माल तिथे यायचा. काश्मीरचं सफरचंद, परदेशी किवी, अरबस्तानातला खजूर, आणि अलीकडे प्लास्टिकच्या चिमुकल्या डब्यांतून येणारी ती निळी ब्लूबेरी. ज्याला जितकी लागेल तितकी थंडी द्यायची, एक डिग्री कमी नाही की जास्त नाही, हे नजीबभाईंचं काम. थंडी त्यांच्या घराण्यातच होती म्हणा ना. वडील गावी, उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर मासळीच्या होड्यांना बर्फ पुरवायचे. नजीबभाई संध्याकाळी घरी आले की लहानगी लेक शायमा त्यांच्या हाताला हात लावून किंचाळत पळायची. त्यांची बायको आबिदा आधी चहाचा गरम पेला त्यांच्या हातात कोंबायची आणि मगच काय ते बोलायची.

त्यांची खरी ख्याती होती ती कानांची. कॉम्प्रेसर नुसता ऐकून ते सांगायचे, याला तेल कमी आहे, त्याचा पट्टा सैल आहे, हा उद्या दुपारपर्यंत बसणार. आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी बसायचाच. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिथे नवी यंत्रणा आली. आशुतोष नावाचा तिशीतला इंजिनियर आला आणि त्याने सगळी मशीनं एका पडद्यावर आणून ठेवली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या खांद्यांवर शाल घालता घालता तो हसत म्हणाला, "नजीबचाचा, आता मस्त आराम करा. कानाचं काम संपलं, आता सगळं स्क्रीनवर दिसतं."

पोरगा मनाने वाईट नव्हता. पण ते बोलणं नजीबभाईंना जे लागलं ते लागलंच. शाल त्यांनी कपाटाच्या तळाशी टाकली आणि त्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ठरवून टाकलं.

पुढे चार महिन्यांनी वाशीत झाडांचं प्रदर्शन लागलं होतं. आबिदाला कढीपत्त्याचं रोप हवं होतं म्हणून दोघं गेले. नजीबभाई एका कोपऱ्यात थबकले ते थबकलेच. रोपाला चिठ्ठी होती: ब्लूबेरी, उणे पस्तीस डिग्रीपर्यंत तग धरणारी जात. शेजारी उष्ण हवेत वाढणाऱ्या जातीची रोपंही होती, पण तिकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"घेयाचं तर मजबूत घेयाचं," ते आबिदाला म्हणाले. "उने पस्तीस सोसतंय त्याला आपला उन्हाला म्हंजे काय!"

इथेच त्यांची पहिली चूक झाली. जन्मभर थंडीत वावरलेल्या माणसाला वाटलं, जो थंडी सोसतो तो काहीही सोसतो. थंडी त्या झाडाला नुसती सोसत नाही, ती त्याला गरजेची असते, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पण त्यांना ते झाड हवं होतं हे मात्र खरं. त्यांच्या हाताखालून ब्लूबेरीचे हजारो डबे गेले होते, आणि त्यांतलं प्रत्येक फळ थंडगार. झाडावरचं, उन्हाने कोमट झालेलं फळ त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी आबिदालाही सांगितली नव्हती. आपण अजून कशाच्या उपयोगाचे आहोत की नाही, हे त्यांना एकदा बघायचं होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी कसली कसर ठेवली नाही. या झाडाला आंबट माती लागते, म्हणून उरणच्या किनाऱ्यावरून सुरूच्या वाळक्या काड्यांची दोन पोती आणली. नळाचं पाणी त्याला मानवेना, पानं पिवळी पडू लागली. पावसाचं पाणी द्या, असं कुणी तरी सांगितलं, पण जानेवारीत पाऊस कुठून आणणार? तेव्हा त्यांचं लक्ष वर गेलं.

वर, पहिल्या मजल्यावर, कमळाकर जंगम राहत. मूळचे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या एसीचं पाणी पाइपातून टपटप नजीबभाईंच्या अंगणात पडायचं आणि त्यावरून दोन्ही घरांत पाच वर्षं भांडण चालू होतं. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये नजीबभाईंचा हा एक अर्ज ठरलेला. आता त्यांना कळलं, की ते पाणी म्हणजे हवेतून निथळलेलं, क्षाराचा कणही नसलेलं, झाडासाठी एकदम अव्वल. दुसऱ्या दिवशी ते जंगमांच्या दारात उभे.

"पाइपाचं सांगायला आलात ना?" जंगम कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "प्लंबरला सांगितलंय मी."

"नको नको, काढू नका!" नजीबभाई घाईघाईने म्हणाले. "उलट मी म्हनतो, एसी जरा जास्त वेल लावा."

जंगमांना वाटलं, आपली टिंगल चालली आहे. खुलासा ऐकल्यावर ते खाली आले, कुंडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नजीबभाई, आमच्या महाबळेश्वरात लावा, तिथेसुद्धा कदाचित येणार नाही हे. इथे काय येणार, डोंबल!" पण त्या दिवसापासून त्यांचा एसी दुपारीही चालू राहायला लागला. भांडण संपलं ते असं.

पानं हिरवी झाली, झुडूप डेरेदार झालं. फूल मात्र एक नाही. दुसरा हिवाळा आला तेव्हा नजीबभाईंना मोबाइलवर परदेशातला कुणी बागवाला दिसला. तो सांगत होता, की या जातीच्या झाडाला सात डिग्रीच्या खाली हजार तास झोप मिळाली पाहिजे, त्याशिवाय ते फुलायचंच नाही.

नजीबभाई खुर्चीतून उठलेच. "हजार तास? येवढंच? अवो, मी सफरचंदाला सात-सात हजार तास दिलेत!"

घरात दोन फ्रीज होते. मागच्या गॅलरीतला उंच फ्रीज आबिदाचा. रमजानात तिचे समोसे आणि कटलेट अर्ध्या सानपाड्यात जायचे, त्यांची सगळी आगाऊ तयारी या फ्रीजमध्ये राहायची. बाकीचे महिने तो रिकामाच असे. नजीबभाईंनी आतल्या जाळ्या काढल्या, पानगळ झालेलं झुडूप कुंडीसकट आत उभं केलं, थर्मामीटर टांगला आणि एक वही सुरू केली. दर तीन तासांनी तपमान लिहायचं, अगदी कामावर लिहायचे तसं. बेचाळीस दिवस त्यांनी ही ड्यूटी एका रीडिंगचीही दांडी न मारता केली.

बेचाळिसाव्या दिवशी दार उघडून झुडूप बाहेर काढलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कळ्या फुगण्याऐवजी काळ्या पडल्या आणि बोट लावताच गळायला लागल्या. नजीबभाई त्या फ्रीजपुढे स्टूल टाकून बसले, काय चुकलं ते हुडकत. आणि मग त्यांची नजर खालच्या खणाकडे गेली.

खणात सफरचंदं होती. काश्मीरच्या एका जुन्या व्यापाऱ्याने प्रेमाने पाठवलेली पेटी. ती नजीबभाईंनी स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती.

आता हे दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर समजण्यासारखं होतं. सफरचंद थंडीतही एक वायू सोडत राहतं. त्या वायूने शेजारचं फळ वेळेआधी पिकतं आणि झोपलेल्या झाडाच्या कळ्या मरतात. सफरचंदाच्या खोलीत दुसरा माल लावायचा नाही, हा कोल्ड स्टोरेजचा पहिला धडा. चौतीस वर्षांत किवीचं एक खोकं सफरचंदांत गेलं म्हणून नजीबभाईंनी किती हमालांवर आवाज चढवला होता, त्याला गणती नाही. आणि घरी त्यांनी हेच केलं होतं.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त आबिदाला सांगितलं, तेही तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर.

"पोरगा बरोबर बोलला," ते म्हणाले. "संपलं माजं काम."

आबिदाला या झाडाचं खूळ कधीच आवडलं नव्हतं. पण नवऱ्याचा तो चेहरा तिला त्याहून आवडला नाही. ती तिच्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "शायमाचे अब्बा, आयका. आनखी एक साल देते. रमजानच्या चांदाआधी माजा फ्रीज मला साफ करून पायजे. आनि या वेलेला फूल नाय आलं, तर त्या कुंडीत मी पुदिना लावनार."

तिसऱ्या वर्षी नजीबभाईंनी डिसेंबर लागताच झुडूप फ्रीजमध्ये ठेवलं. घरात सफरचंद आणायलाच बंदी. जंगमांनी एकदा प्रसाद म्हणून एक फोड आणली, तर नजीबभाईंनी ती गेटाबाहेर उभं राहून खाल्ली. तेवीस दिवस सगळं सुरळीत चाललं.

चोविसाव्या दिवशी सकाळी वहीत रीडिंग लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. फ्रीजचा आवाज बदलला होता. मशीन धापा टाकत होतं पण थंडी धरत नव्हतं. गॅस गळत होता. मेकॅनिक आला, त्यानेही तेच सांगितलं. वर्कशॉपला न्यावा लागेल, आठ-दहा दिवस मोडतील. रमजानला अजून अवकाश होता, त्यामुळे आबिदाची सोय होणार होती. पण झाडाचे साडेपाचशे तास झाले होते आणि बाहेर तीस डिग्री होती. अर्ध्या झोपेतून जागं झालं की संपलंच. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फ्रीजमध्ये ते मावत नव्हतं.

इतक्या थंडीची जागा नजीबभाईंना एकच ठाऊक होती.

ते नुसते येरझाऱ्या घालायला लागले. अंगण, गॅलरी, पुन्हा अंगण. शेवटी आबिदाने बर्फाच्या पिशव्या भरल्या, कुंडीभोवती जुनी चादर गुंडाळली आणि स्वतः रिक्षा थांबवली. "झाडासाठी चालला आहा," ती म्हणाली. "त्या पोऱ्यासाठी नाय. बसा."

तुर्भ्याच्या त्या फाटकात नजीबभाई मांडीवरची कुंडी उराशी धरून उतरले. आशुतोष धावत बाहेर आला. चादरीतलं काड्यांचं झुडूप बघून तो क्षणभर गोंधळला, पण हकिगत ऐकून हसला नाही.

"टेन्शन नका घेऊ चाचा. चार नंबरमध्ये भरपूर जागा आहे. एक डिग्री, एकदम स्टेडी."

"चारमदे काय हाय?"

"सफरचंद."

"मग नको."

"अहो, टेंपरेचर तेच—"

"नको म्हनलो ना!" नजीबभाईंचा आवाज असा चढला, की दारातले दोन हमाल जागच्या जागी उभे राहिले. त्यांना तो आवाज ओळखीचा होता. "खजूर कुठं हाय? रमजानचा खजूर आलाच आसंल. त्याच्या संगतीत ठेव. खजूर कुनाला तरास देत नाय."

अशा रीतीने ते झाड सहा नंबरच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या खजुराच्या खोक्यांच्या आडोशाला, तीन डिग्रीत झोपी गेलं.

नजीबभाई रोज बघायला जायला लागले. वही बरोबर असायचीच. सुरुवातीला ते खाली मान घालून जात आणि तसेच परत येत. सहाव्या दिवशी मात्र मशीनरूमवरून जाताना ते थांबले. मग दोन पावलं मागे आले. मग आत गेले आणि दोन नंबरच्या कॉम्प्रेसरजवळ डोळे मिटून उभे राहिले.

"आशुतोष, हा बंद कर."

आशुतोषने पडद्याकडे बघितलं. सगळे दिवे हिरवे. "चाचा, सगळं नॉर्मल आहे. प्रेशर बघा, तेल बघा."

"तुजा पडदा काय दाखवतो ते मी बघत नाय. आतमदे बेअरिंग ठोकतंय. आज नाय तर उद्या तुटेल, आनि तुटलं तर नुसतं बेअरिंग जानार नाय, आक्खं मशीन घेऊन जाईल. सगला खजूर हाय या मशीनवर."

आशुतोषची पंचाईत झाली. भर हंगामात चालतं मशीन बंद करायचं, आणि तेही कानावर विश्वास ठेवून! पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. त्याने भार दुसऱ्या मशीनवर घेतला आणि दोन नंबर उघडलं. बेअरिंग निघालं ते बोटाएवढ्या लांब चिरेसकट. आशुतोष ते हातात फिरवत बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मोकळेपणाने मान्य करून टाकलं, "चाचा, मी चुकलो. तेव्हा तुम्हाला बोललो ते पण चुकीचं होतं."

नजीबभाई "बरं बरं" एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी ते रिक्षा न करता तुर्भ्याहून सानपाड्यापर्यंत चालत घरी आले आणि आल्या आल्या त्यांनी कपाटातली शाल बाहेर काढून आबिदाला दाखवली. "चांगली हाय गो ही. गरम हाय."

हजार तास भरले आणि वर चाळीस झाले, तेव्हा झाड घरी आलं. फ्रीजही दुरुस्त होऊन आला होता, त्यात समोसे रचले गेले. आता फक्त वाट बघायची. नजीबभाई सकाळ-संध्याकाळ कुंडीपुढे उकिडवे बसायचे आणि वरून जंगम विचारायचे, "काय हो, आलं का काही?"

रमजानचे पाच-सहा रोजे झाले असतील. आबिदा पहाटे सेहरीची भांडी आवरून अंगणात आली आणि तिथूनच तिने हाक मारली. तिची हाक ऐकून नजीबभाई चपला न घालताच धावले. झुडपावर पांढऱ्या, उलट्या टांगलेल्या इवल्या घंटांचे घोस लागले होते. एक नाही, दोन नाही, सगळ्या फांद्यांवर. नजीबभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आबिदाने त्यांना हवं तितका वेळ तसंच राहू दिलं.

त्या फुलांच्या घंटांत शिरायला इथल्या मधमाश्या काही राजी दिसेनात. तेव्हा आबिदाने सुरमा घालायची बारीक सळई धुऊन पुसून आणली आणि फुलाफुलांत ती फिरवली, डोळ्यांत सुरमा घालावा इतक्या हलक्या हाताने. हे काम तिने नवऱ्याला करू दिलं नाही.

फळं धरली. हिरवी होती, मग गुलाबी झाली. एप्रिलचा उन्हाळा भाजायला लागला तशी नजीबभाईंनी हिरवी जाळी बांधली. जंगम पंधरा दिवसांसाठी साताऱ्याला निघाले, तेव्हा जाताना घराची किल्ली नजीबभाईंच्या हातात ठेवून गेले. "एसी दुपारी तीन तास लावत जा. झाडाला पाणी कमी पडायला नको." पाच वर्षं त्याच पाण्यावरून भांडलेला माणूस हे सांगत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फळं निळी झाली, वर राखेसारखी ती पांढुरकी झाक धरून. जंगम परत आले होते, आशुतोष तुर्भ्याहून मुद्दाम आला. भर दुपारी बारा वाजता नजीबभाईंनी एकतीस फळं वाटीत तोडली. आबिदाने पाहुण्यांसमोर सवयीने वाटीला हात घातला. "आना, धुऊन जरा फ्रीजमदे ठेवते. थंड झाली म्हंजे—"

"नाय!" नजीबभाई ओरडले. सगळे दचकले. नजीबभाईंनी वाटी छातीशी धरली आणि मग स्वतःलाच हसू येऊन म्हणाले, "चौतीस सालं मी फलं थंड करत आलो, आबिदा. हे मला गरमच खायाचं हाय."

त्यांनी एक फळ तिच्या तळहातावर ठेवलं. उन्हाने ते चांगलंच तापलं होतं. आबिदाने ते तोंडात टाकलं, सावकाश चावलं. तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"करवंदासारखं लागतंय," ती म्हणाली.

मग जंगमांना हसू आवरेना. "अहो, करवंदं तर तुमच्या उरणच्या डोंगरावर पाटीभर मिळतात! तीन वर्षं काय केलंत मग?"

नजीबभाईंनी एक फळ तोंडात टाकलं. गोड, थोडं आंबट, आणि मधोमध ऊन. त्यांनी डोळे मिटून घेतले, कॉम्प्रेसर ऐकताना मिटायचे तसे. "करवंदाला हिवाला कुनी दिला नाय, जंगमसाहेब," ते म्हणाले. "याला मी दिला."

आशुतोषने आपलं फळ खाल्लं आणि मग ज्या कामासाठी तो आला होता ते सांगितलं. आठवड्यातून दोन दिवस नजीबचाचांनी यावं, नव्या ऑपरेटरांना मशीन ऐकायला शिकवावं. नजीबभाई लगेच हो म्हणाले नाहीत. विचार करून सांगतो, म्हणाले. पण त्यांचा चेहरा केव्हाच हो म्हणून बसला होता आणि ते तिथल्या सगळ्यांना दिसत होतं.

पाहुणे गेल्यावर आबिदाने वाटी धुतली. नजीबभाई पुन्हा कुंडीपुढे बसले होते. तिने मागून येऊन त्यांचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"आज गरम हायत," ती म्हणाली. मग गॅलरीतल्या उंच फ्रीजकडे बघत तिने निकाल देऊन टाकला. "हा फ्रीज झाडाचा झाला. मला दुसरा आना."